कोंबडीच्या खाद्यातली आम्लं अँटिबायोटिकची जागा घेतील का?

ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांच्या, धंद्यात नफा ग्रॅममध्ये मोजावा लागतो. पाच-सहा आठवड्यांत दोन-सव्वादोन किलोचा पक्षी तयार होतो आणि त्याच्यावर होणाऱ्या खर्चातले साठ-सत्तर टक्के खाद्यावर जातात. म्हणून एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं, हा आकडा शेडवर प्रत्येकाच्या तोंडी असतो. त्याला सगळे एफसीआर म्हणतात. हा आकडा खाली राहावा म्हणून जगभर सत्तर वर्षं एक सोपा उपाय चालला: पक्षी आजारी असो वा नसो, खाद्यातून रोज थोडंसं अँटिबायोटिक द्यायचं. आता एकेका देशात तो बंद होतोय. त्याच्या जागी जी नावं सांगितली जातात, त्यांत सेंद्रिय आम्लं बरीच वर आहेत. फॉर्मिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक, लॅक्टिक, सायट्रिक, फ्युमॅरिक अशी ही मंडळी. शेडवर सगळ्यांना मिळून एकच नाव, ॲसिडिफायर.

कॅनवर आणि पोत्यावर लिहिलेलं असतं, ‘अँटिबायोटिकला पर्याय’. मला हे अर्धंच पटतं. आम्ल काम करतं, यात शंका नाही. पण कोणतं आम्ल, कोणत्या रूपात आणि पक्ष्याच्या पोटात नेमकं कुठपर्यंत पोचलं, यावर त्याचं काम ठरतं. अँटिबायोटिकला इतक्या अटी नव्हत्या, म्हणूनच ते इतकं सोयीचं होतं.

अँटिबायोटिक तिथे करत काय होतं

अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव संशोधनप्रमुख होते. त्यांच्याच कारकिर्दीत बेंजामिन डग्गर यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून ऑरिओमायसिन मिळवलं, म्हणजे आजचं क्लोरटेट्रासायक्लिन. त्याच प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे दोघं १९४८ मध्ये वेगळ्याच शोधात होते. सोयापेंडीसारख्या वनस्पतिजन्य प्रथिनांवर पिल्लं नीट वाढत नसत. त्यांना बी-१२ जीवनसत्त्व लागतं आणि त्याचा स्वस्त स्रोत हवा होता. ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना चारून पाहिला. पिल्लं वाढली, पण नुसत्या बी-१२ च्या हिशेबात बसणार नाही इतकी वाढली. चोथ्यात राहिलेल्या किंचित अँटिबायोटिकची ती करामत होती. १९५१ मध्ये अमेरिकी सरकारने खाद्यात ते पशुवैद्याच्या चिठ्ठीविना घालायला मुभा दिली आणि पुढे जगाने तोच रस्ता धरला.

मात्रा असते टनाला काही ग्रॅम. एवढ्या थोड्या औषधाने आजार बरा होत नाही. मग वाढ कशी होते? याची सगळी कारणं अजूनही एका ओळीत सांगता येत नाहीत. पक्ष्याच्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू त्याच खाद्यावर जगतात. ते स्वतःचा वाटा खातात, अमोनियासारखे त्रासदायक पदार्थ सोडतात आणि पित्तरस निकामी करून चरबीचं पचन बिघडवतात. काही जण आतड्याच्या भिंतीला सतत टोचत राहतात. पक्षी आजारी दिसत नाही, पण त्याचं शरीर ती बारीक सूज आवरण्यात ऊर्जा घालवतं आणि तेवढं मांस कमी भरतं. थोडं अँटिबायोटिक हा सगळा गोंधळ कमी ठेवतं.

याचा सर्वांत बोलका पुरावा जुना आहे आणि आजही उपयोगाचा आहे. पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या पिल्लांना अँटिबायोटिक दिलं, तर वाढीत फरक पडत नाही. कधीच पक्षी न ठेवलेल्या स्वच्छ जागेतही फरक फार थोडा दिसतो. म्हणजे हे औषध वाढ ‘देत’ नव्हतं. घाणीमुळे, गर्दीमुळे, शेडमध्ये अंथरलेल्या तुसाच्या ओल्या गादीमुळे जी वाढ बुडत होती, ती परत मिळवून देत होतं. आम्लांबद्दलही नेमकं हेच लागू होतं, ते पुढे येईल.

किंमत दुसरीकडे मोजली जात होती. कमी मात्रा आणि दीर्घ काळ, ही प्रतिरोधक जिवाणू निवडून वाढवायची अगदी तयार पद्धत आहे. व्हँकोमायसिन हे माणसांच्या रुग्णालयातलं राखीव औषध, आणि त्याचंच भावंड असलेलं ॲव्होपार्सिन युरोपात कोंबड्या-डुकरांना खाद्यातून मिळत होतं. व्हँकोमायसिनला न जुमानणारे जिवाणू त्या प्राण्यांत सापडल्यावर डेन्मार्कने १९९५ मध्ये ॲव्होपार्सिन बंद केलं. २०१५ मध्ये चीनमधून कोलिस्टिनची बातमी आली. डुकरं, मांस आणि रुग्ण अशा तिन्ही ठिकाणी एमसीआर-१ नावाचं जनुक सापडलं. ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातं आणि कोलिस्टिनचा असर घालवतं. दुसरं काहीच चालत नाही तेव्हा डॉक्टर ज्या औषधाकडे वळतात ते हे औषध. भारतात कोलिस्टिन कोंबडीच्या खाद्यात सर्रास जात होतं. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी आणली.

इथे दोन गोष्टींची गल्लत फार होते. मांसात औषधाचा अंश राहणं वेगळं आणि प्रतिरोधक जिवाणू तयार होणं वेगळं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्क्यांत अंश सापडले. कापण्याआधी काही दिवस औषध थांबवलं की हे अंश खाली येतात. प्रतिरोधक जिवाणू मात्र तेवढ्याने जात नाहीत. ते विष्ठेत, तुसात, शेताला घातलेल्या खतात आणि शेडवर काम करणाऱ्या माणसांच्या हातांवर राहतात. म्हणून ‘अंशमुक्त’ असं लिहिलेलं पाकीट दुसऱ्या प्रश्नाबद्दल काहीच सांगत नाही.

बंदी आली तेव्हा काय झालं

स्वीडनने १९८६ मध्येच वाढीसाठीची अँटिबायोटिकं बंद केली. संपूर्ण युरोपीय संघात १ जानेवारी २००६ पासून ती गेली. सर्वांत नीट नोंद डेन्मार्ककडे आहे, कारण तिथे प्रत्येक लॉटचे, म्हणजे एकत्र वाढवलेल्या पक्ष्यांच्या प्रत्येक खेपेचे, आकडे ठेवले जात होते. ब्रॉयलर उत्पादकांनी १९९८ मध्ये आपणहून अँटिबायोटिक थांबवलं. मर वाढली नाही, चौरस मीटरमागे मिळणारं मांसही घटलं नाही. एफसीआर मात्र ०.०१६ ने वाढला.

हा आकडा आपल्या भाषेत मांडू. दोन किलोच्या पक्ष्यामागे ३२ ग्रॅम खाद्य जास्त. पाच हजार पक्ष्यांच्या शेडला १६० किलो, म्हणजे पन्नास किलोची तीन पोती आणि वर थोडं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या आढाव्यानुसार औषध न घेतल्याने वाचलेल्या पैशात हा तोटा बराचसा भरून निघाला. डुकरांत गणित इतकं सोपं नव्हतं. आईपासून नुकत्याच तोडलेल्या पिल्लांना हगवणी लागल्या आणि उपचारासाठीची औषधं वाढली.

डेन्मार्कचं उदाहरण देणारे दोन गोष्टी सांगायला विसरतात. तिथली शेडं आधीच चांगली होती, हवा खेळती होती, दोन लॉटमध्ये स्वच्छता कडक होती. आणि रक्ती हगवणीविरुद्ध दिली जाणारी आयोनोफोर गटातली औषधं खाद्यात चालूच राहिली. सॅलिनोमायसिन हे त्यांतलंच, आणि तिथे त्याचा वापर वाढलासुद्धा. या औषधांचा आतड्यातल्या काही जिवाणूंवरही असर होतो. ‘सगळं काढलं आणि काहीच बिघडलं नाही’ असा तिथला निष्कर्ष आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडला जसाच्या तसा लावता येत नाही.

आम्ल जिवाणूला मारतं कसं

आता मुख्य मुद्दा. साधारण समज असा की आम्लाने पोट आंबट होतं आणि आंबटपणात वाईट जिवाणू मरतात. हे थोडंसंच खरं आहे. नुसत्या आंबटपणाचं काम असतं तर मिठाचं आम्ल, म्हणजे स्वस्त हायड्रोक्लोरिक आम्लही चाललं असतं. सेंद्रिय आम्लांची ताकद ती सौम्य असण्यात आहे. पाण्यात ती पूर्ण फुटत नाहीत. काही रेणू अखंड राहतात, बाकीच्यांचे विद्युतभारित दोन तुकडे होतात. भारित तुकड्याला जिवाणूच्या स्निग्ध आवरणातून सहज शिरता येत नाही. अखंड रेणूला येतं. आत पेशीचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा (जितका कमी तितकं आंबट), ७ च्या जवळ असतो. तिथे पोचताच रेणू फुटतो, आम्लाचा अंश मोकळा होतो आणि आतला पीएच घसरू लागतो.

जिवाणू स्वस्थ बसत नाही. आवरणातल्या पंपांनी तो हा आम्लांश बाहेर फेकतो. त्याला ऊर्जा लागते. बाहेरून अखंड रेणू येतच राहतात, म्हणजे होडीला भोक पडलेलं असताना पाणी उपसत बसण्यासारखं. सगळी शक्ती उपसण्यात गेली की वाढायला काही उरत नाही, आणि उपसणं थांबलं की खेळ संपतो. शिवाय फुटलेल्या रेणूचा दुसरा तुकडा आतच साचतो आणि पेशीच्या कामात अडथळा आणतो.

साल्मोनेला आणि ई. कोलाय या रोगाच्या जिवाणूंना आतला पीएच एका पातळीवर धरून ठेवायची सवय असल्याने ते या सापळ्यात नीट अडकतात. लॅक्टोबॅसिलस हा चांगला जिवाणू स्वतःच लॅक्टिक आम्ल बनवतो. तो आतला पीएच थोडा घसरू देतो आणि निभावून नेतो. त्यामुळे आम्लाने वाईटांवर दाब येतो आणि चांगल्यांना जागा मिळते. अँटिबायोटिकला हा भेद इतका साधत नाही.

किती रेणू अखंड राहतील हे दोन आकड्यांवर ठरतं: भोवतालचा पीएच आणि त्या आम्लाचा स्वतःचा आकडा, ज्याला पीकेए म्हणतात. दोन्ही सारखे असले की निम्मे रेणू अखंड. भोवतालचा पीएच एकाने वर गेला की अखंड आणि फुटलेल्या रेणूंचं प्रमाण दहापट घसरतं. फॉर्मिकचा पीकेए ३.७५, लॅक्टिकचा ३.८६, ब्युटिरिकचा ४.८२, प्रोपिऑनिकचा ४.८८. दिसायला फरक लहान आहे, पण दहापटीच्या हिशेबात तो मोठा होतो.

पोटातला प्रवास

कोंबडीने दाणा खाल्ला की तो आधी गळ्याखालच्या पिशवीत थांबतो. तिला क्रॉप म्हणतात. तिथला पीएच साधारण ५ ते ६. मग जठर आणि पेठा, म्हणजे चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळतो तो. इथे कोंबडीचं स्वतःचं तीव्र आम्ल असतं आणि पीएच ३ च्या आसपास उतरतो. पुढे लहान आतडं. तिथे स्वादुपिंडाचा अल्कली रस मिसळतो आणि पीएच ६, ६.५ आणि शेवटी ७ पर्यंत चढतो. शेवटी दोन आंधळ्या पिशव्या, सीका. साल्मोनेला आणि कँपिलोबॅक्टर यांचा मुख्य मुक्काम तिथे.

आता पीकेएचं गणित या रस्त्यावर ठेवून पाहा. पेठ्यात पीएच ३ असताना फॉर्मिकच्या शंभरातले सुमारे ८५ रेणू अखंड. क्रॉपमध्ये पीएच ५ असेल तर सुमारे ५. लहान आतड्यात पीएच ६.५ ला हजारात जेमतेम दोन. प्रोपिऑनिकचे क्रॉपमध्ये शंभरात ४३, लहान आतड्यात शंभरात दोन. म्हणजे साधं, उघडं आम्ल क्रॉपमध्ये आणि पेठ्यात आपलं काम करतं आणि पुढे जवळजवळ निकामी होतं. त्यातलं बरंचसं तर तिथवर पोचण्याआधीच शरीरात शोषलं जातं. म्हणजे रोगाचे जिवाणू शेवटच्या घरात आणि औषध दारातच संपलेलं.

म्हणून बाजारातली चांगली उत्पादनं मिश्रणं असतात. फॉर्मिक भोवतालचा पीएच खाली ओढतं आणि त्या खाली आलेल्या पीएचमध्ये प्रोपिऑनिकसारख्यांचे अखंड रेणू जास्त राहतात. दोघं एकमेकांना हात देतात. मिश्रण कशाचं आणि किती टक्के, हे लेबलवर नसेल तर मी तरी तो डबा उचलणार नाही.

हा प्रवास बिघडवणारी आणखी एक गोष्ट खाद्यातच असते. चुनखडी आणि सोयापेंड आम्ल शोषून घेतात. पिल्लांच्या प्रीस्टार्टर, म्हणजे अगदी पहिल्या दिवसांच्या खाद्यात प्रथिनं जास्त, म्हणजे सोयापेंड जास्त. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात तर टरफलासाठी चुनखडीचा भाग आठ-दहा टक्क्यांपर्यंत जातो. तिथे ब्रॉयलरच्या हिशेबाने आम्ल घातलं तर ते आधी चुनखडीशीच झुंजण्यात संपेल. टनाला एक-दोन किलो घालून ‘काही फरक पडला नाही’ असं सांगणाऱ्यांनी हा हिशेब पाहायला हवा. अँटिबायोटिक टनाला ग्रॅममध्ये लागायचं, आम्ल किलोमध्ये लागतं. युरोपात फॉर्मिक आम्लाची कमाल मर्यादा किलोभर खाद्यात १० ग्रॅम, म्हणजे टनाला १० किलो आहे.

आतड्याच्या शेवटापर्यंत पोचायचं तर

यावर उपाय म्हणजे आम्ल झाकून पाठवायचं. चरबीच्या आवरणात गुंडाळलेलं आम्ल पेठ्यातून सुखरूप जातं. लहान आतड्यात चरबी पचवणारा रस ते आवरण उलगडतो आणि आम्ल तिथे मोकळं होतं. दुसरा मार्ग आम्लाला ग्लिसरॉलशी बांधण्याचा. ट्रायब्युटिरिन, मोनोब्युटिरिन ही नावं त्यातली. आतड्यातला रस ते बंध तोडतो तेव्हाच आम्ल सुटतं.

या सगळ्यांत ब्युटिरिक आम्लावर मी थोडा जास्त वेळ थांबतो, कारण त्याचं काम जिवाणू मारण्याच्या पलीकडचं आहे. सीकामध्ये चांगले जिवाणू तंतुमय पदार्थ आंबवून हेच आम्ल तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी ते इंधन म्हणून वापरतात. अस्तरावरचे पोषण शोषणारे बारीक उंचवटे त्याने भरतात आणि पेशींमधले सांधे घट्ट राहतात. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. ब्युटिरिक आम्ल समोर असलं की साल्मोनेला आतड्याच्या पेशीत घुसण्यासाठी लागणारी जनुकं मंद करतो. तो मरतोच असं नाही, पण आत शिरायला कचरतो. प्रोपिऑनिकचा असर असाच आहे. ॲसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगर, त्याचा मात्र उलटा असर दिसला आहे. त्यामुळे ‘कोणतंही आम्ल चालेल’ हा सल्ला इथे सरळ चुकतो.

ब्युटिरिकला एकच मोठा दुर्गुण आहे, वास. खवट लोण्याचा, ओकारी आणणारा. गोदामात सोडियम ब्युटिरेटचं उघडं पोतं असलं की माणसं दार उघडून मागे फिरतात. आवरण घातलेल्या मालाचा वास कमी असतो आणि किंमत बरीच जास्त.

जिथे आम्ल कमी पडतं

नेक्रोटिक एंटेरायटिस हा अँटिबायोटिक काढल्यावर डोकं वर काढणारा, आतड्याचं अस्तर सडवणारा आजार. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू त्याला कारण, आणि रक्ती हगवणीने आतडं सोललं गेलं की त्याला रान मोकळं मिळतं. बॅसिट्रासिन, एन्रामायसिन ही औषधं मुख्यतः याच गटाच्या जिवाणूंना आवरत होती. फॉर्मिक आणि प्रोपिऑनिकचा जोर साल्मोनेला-ई. कोलाय या दुसऱ्या गटावर जास्त आहे. क्लॉस्ट्रिडियमसाठी मध्यम साखळीची आम्लं बरी, त्यातही लॉरिक. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मं हेच असतं. पण कॉक्सी, म्हणजे तीच रक्ती हगवण, आटोक्यात नसेल तर कोणतंही आम्ल नेक्रोटिक एंटेरायटिस थोपवणार नाही. ‘बीएमडीच्या (म्हणजे बॅसिट्रासिनच्या) जागी ॲसिडिफायर’ अशी सरळ अदलाबदल इथेच फसते.

आजार लागलाच तर आम्ल हा उपचार नव्हे. तिथे पशुवैद्याने तपासून योग्य अँटिबायोटिक पूर्ण मात्रेत द्यावं आणि कापण्याआधीचे ठरलेले दिवस पाळावेत. वाढीसाठीची अँटिबायोटिकं थांबवणं म्हणजे आजारी पक्ष्याला औषध नाकारणं नाही. हे शेतकऱ्याला पटतं. विकणाऱ्यांना ते सांगायचा कंटाळा येतो.

आणि हो, आम्लालाही जिवाणू सरावतात. अपुऱ्या मात्रेत आम्ल भेटत राहिलं की साल्मोनेला आम्ल सहन करायला शिकतो. अँटिबायोटिकच्या प्रतिरोधाइतका हा धोका मोठा नाही, पण ‘थोडं थोडं घालत राहू’ ही वृत्ती इथेही नडते.

पहिला आठवडा

आम्लाचा सर्वांत खरा उपयोग मला पिल्लांच्या पहिल्या आठवड्यात दिसतो. घरच्या खुडूक कोंबडीखाली निघालेलं पिल्लू आईच्या मागे उकिरड्यात टोचतं आणि पहिल्याच दिवशी तिच्या पोटातले जिवाणू त्याला मिळतात. हॅचरीतून आलेल्या पिल्लाला आईच नसते. त्याचं आतडं जवळजवळ रिकामं असतं आणि जो जिवाणू आधी पोचेल तो घर करतो. फिनलंडमध्ये १९७१ साली कोंबड्यांतून साल्मोनेलाची मोठी साथ आली, त्यानंतर एस्को नुर्मी आणि रांताला यांनी निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला ऐवज नवजात पिल्लांना पाजून पाहिला. पिल्लं साल्मोनेलाला पुरून उरली. १९७३ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं आणि प्रोबायोटिकचा, म्हणजे चांगले जिवाणू बाहेरून देण्याचा, सगळा विचार तिथून पुढे गेला.

सीकामधले चांगले जिवाणू पिल्लाला वाचवतात ते बऱ्याच अंशी ही आम्लं तयार करूनच. पहिल्या काही दिवसांत ते जिवाणू नसतात आणि आम्लंही नसतात. बाहेरून दिलेलं आम्ल ती पोकळी थोडी भरतं. प्रोबायोटिक आणि आम्ल एकत्र दिल्याने कामं अडत नाहीत, उलट जुळतात.

खाद्याचं आणि पाण्याचं

आपल्याकडे आम्ल सर्वांत आधी आलं ते पोटासाठी नव्हे, बुरशीसाठी. पावसाळ्यात मक्यात ओल १४ टक्क्यांच्या वर गेली की बुरशी चढते आणि अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. प्रोपिऑनिक आम्ल बुरशी रोखतं, म्हणून खाद्य कारखान्यांत ते बऱ्याच वर्षांपासून वापरात आहे. पण आधीच तयार झालेलं अफलाटॉक्सिन त्याने जात नाही. काळवंडलेल्या मक्यावर प्रोपिऑनिक मारून तो खपवणं ही फसवणूक आहे, मग करणारा कोणीही असो.

पुणे, नाशिक, रायगड, सांगली इथले बहुतेक ब्रॉयलरवाले करारावर पक्षी वाढवतात. पिल्लं, खाद्य आणि औषध कंपनीचं, शेड आणि मेहनत शेतकऱ्याची. खाद्यात काय घालायचं हे शेतकऱ्याच्या हातात नसतं. त्याच्या हातात असतं पाणी, तूस, पडदे आणि पंखे. म्हणून पाण्यातलं आम्ल हा त्याचा स्वतःचा विषय.

बोअरचं पाणी दख्खनमध्ये बहुधा अल्कली आणि बायकार्बोनेटने जड असतं. बाटलीवर छापलेली मात्रा अशा पाण्यात पुरत नाही, कारण आधी बायकार्बोनेटच आम्ल खाऊन टाकतं. लिटरभर पाणी घ्यावं, सिरिंजने थेंब थेंब आम्ल टाकावं आणि पट्टीने पीएच पाहत जावं. साधारण ५ च्या जवळ आलं की ती आपल्या बोअरची मात्रा. ४ च्या खाली गेलं तर पक्षी पाणी कमी पितात, आणि पाणी कमी म्हणजे दाणा कमी. मोजमाप टाकीत करून भागत नाही, पाण्याच्या लाइनच्या शेवटच्या निपलला, म्हणजे पक्षी चोच लावून पितात त्या तोटीला, करावं. आंबट पाण्यात क्लोरीन जास्त जोर करतं, हा त्याचा जोडफायदा. मात्र आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकाच भांड्यात कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. नुसतं सायट्रिक, म्हणजे लिंबूसत्व, स्वस्त पडतं म्हणून बरेच जण तेच घालतात. काही यीस्ट आणि बुरशांना तेच खाद्य होतं आणि पाइपात बुळबुळीत थर धरतो. लसीच्या दिवशी आम्ल आणि क्लोरीन दोन्ही बंद. सल्फा गटाची काही औषधं आंबट पाण्यात खाली बसतात, त्यामुळे औषध चालू असताना डॉक्टरांना विचारूनच आम्ल द्यावं.

हाताळताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. ८५ टक्के फॉर्मिक हातावर सांडलं तर कातडी भाजते, डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. हातमोजे आणि चष्मा लागतोच. पत्र्याची टाकी आणि लोखंडी जोड गंजतात, प्लॅस्टिकचे टिकतात.

फरक पडला का, हे कसं ओळखायचं

प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत. काहींत एफसीआर अँटिबायोटिकइतकाच आला, काहींत काहीच फरक दिसला नाही. कारण बहुतेक वेळा तेच, जे जंतुविरहित पिल्लांनी दाखवलं होतं. विद्यापीठाच्या चकचकीत शेडमध्ये बुडणारी वाढच नसते, मग परत मिळवायला काय उरणार? आणि जिथे गादी ओली, अमोनियाने डोळे चुरचुरतात, तिथे एकट्या आम्लाने निभावत नाही.

आपल्या शेडवर पाहायचं तर एकाच हॅचरीची, एकाच दिवसाची पिल्लं दोन शेडमध्ये सारख्या दाटीने टाकावीत. एकात आम्ल, दुसऱ्यात नाही, बाकी खाद्य-लस-माणूस सगळं तेच. सातव्या दिवसाचं वजन, मर, गादीची ओल आणि शेवटचा एफसीआर लिहून ठेवावा. एका लॉटवर निकाल काढू नये. पावसाळ्यातला एक आणि उन्हाळ्यातला एक तरी हवा, आणि दुसऱ्या वेळी शेडं अदलाबदल करावीत, म्हणजे एका शेडची हवा मुळातच चांगली असण्याचं श्रेय आम्लाला जाणार नाही. मग आम्लाचा खर्च किलोमागे किती पैसे पडला ते वाचलेल्या खाद्याच्या शेजारी मांडावं. करारावरच्या शेतकऱ्याने आणखी एक गोष्ट आधी ठरवून घ्यावी: पाण्यातल्या आम्लाचे पैसे त्याच्या खिशातून जाणार असतील, तर सुधारलेल्या एफसीआरचा वाटा वाढणावळीत, म्हणजे पक्षी वाढवण्याच्या मोबदल्यात, त्याला मिळणार आहे की नाही.